पॅकेजच्या फाइलचा दुसरा वाचक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ट्रान्सफॉर्मरच्या चाचणीयंत्रांवर चालणारे सॉफ्टवेअर तुमची सात जणांची टीम बडोद्यात तयार करते आणि मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या व हालोलकडच्या कारखान्यांत पेन ड्राइव्हवरून नेऊन बसवते, कारण त्या यंत्रांना इंटरनेट जोडलेले नसते. आजवर प्रत्येक पॅकेजसाठी, म्हणजे एकत्र बांधून बसवायच्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यासाठी, एक पायथन स्क्रिप्ट होती. आता तुम्ही स्वतःचे पॅकेजिंग टूल लिहीत आहात. त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलसाठी, म्हणजे पॅकेजचे वर्णन करणाऱ्या फाइलसाठी, यॅमल, जेसन किंवा टॉमल यांपैकी एखादा तयार फॉरमॅट घ्यावा की स्वतःचाच फॉरमॅट आखावा, आणि त्या फाइलमध्ये अटी, लूप, व्हेरिएबल अशी मोकळीक किती ठेवावी, हे तुम्ही विचारले आहे.

आधी उत्तर देतो, कारणे मागाहून. टॉमल घ्या. फाइलमध्ये प्रोग्रॅम लिहिण्याची सोय ठेवू नका. फाइलच्या अगदी सुरुवातीला फॉरमॅटचा क्रमांक लिहिणे सक्तीचे करा. आणि टूलला ओळखता न येणारे फील्ड दिसले, तर त्याने ते मुकाट्याने ओलांडून पुढे न जाता तिथेच थांबावे. हे चारही निर्णय एकाच विचारातून येतात, आणि तो विचार पटला नाही तर पहिल्या अडचणीच्या दिवशी तुम्ही ते एकेक करून मोडाल. म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

मी पॅकेजिंगचे काम 22 वर्षे करतो आहे, आणि या काळात एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली: पॅकेजची फाइल लिहिणाऱ्याला वाटते की तिचा वाचक एकच आहे, तो म्हणजे आपले टूल. प्रत्यक्षात तिला नेहमी दुसरा वाचक असतो. रात्रपाळीत यंत्र बंद पडल्यावर तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडून ‘इथे कोणते व्हर्जन बसवले आहे’ हे शोधणारा कारखान्यातला देखभाल इंजिनिअर हा दुसरा वाचक. बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी काढून त्यातल्या सुरक्षेच्या त्रुटी तपासणारा ग्राहकाचा प्रोग्रॅम हाही दुसरा वाचक. आणि सहा-सात वर्षांनी तुमच्या टूलच्या जागी येणारे नवे टूल हासुद्धा दुसराच वाचक, ज्याला तुमच्या जुन्या फाइली जशाच्या तशा वाचाव्या लागतील. फॉरमॅट आखताना या तिघांना नजरेसमोर ठेवले की बहुतेक वाद आपोआप मिटतात.

पायथनने या बाबतीत जे सोसले ते तुमच्या परिस्थितीच्या सर्वांत जवळचे आहे. 2000 सालापासून पायथनच्या पॅकेजचे वर्णन सेटअप.पाय या फाइलमध्ये असे, आणि ती फाइल म्हणजे एक पूर्ण पायथन प्रोग्रॅम होता. लिहिणाऱ्याला हे फार सोयीचे होते. व्हर्जन दुसऱ्या फाइलमधून वाचता येई, ऑपरेटिंग सिस्टिम पाहून डिपेंडन्सी (पॅकेजला लागणारी इतर पॅकेजे) बदलता येत. पण पॅकेजला बिल्डसाठी, म्हणजे ते बांधून तयार करण्यासाठी, काय काय लागते हे कळण्यासाठी ती फाइल चालवावी लागे, आणि ती चालवण्यासाठी बिल्डला लागणाऱ्या गोष्टी आधीच बसवलेल्या असाव्या लागत. शिवाय एकाच पॅकेजची माहिती दोन यंत्रांवर वेगळी निघू शकत असे, त्यामुळे पॅकेजची यादी ठेवणाऱ्या सर्व्हरला ‘या पॅकेजला काय लागते’ याचे खात्रीचे उत्तर देता येत नसे. 2016 मध्ये पेप 518 या पायथन सुधारणेच्या प्रस्तावाने पायप्रोजेक्ट.टॉमल ही फाइल आणली, आणि तिचे पहिले काम एवढेच होते की बिल्डसाठी काय हवे ते काहीही न चालवता वाचता यावे. पॅकेजचे नाव, व्हर्जन, लेखक, डिपेंडन्सी ही बाकीची माहिती त्या फाइलमध्ये कशी लिहायची याचा सर्वमान्य नियम पेप 621 मधून 2020 मध्ये ठरला. मधल्या चार वर्षांत पोएट्रीसारख्या पॅकेजिंग टूलांनी आपापली वेगळी मांडणी रुजवली होती; पोएट्रीने सर्वमान्य मांडणी स्वीकारली ती 2.0 व्हर्जनमध्ये, म्हणजे 2025 च्या जानेवारीत. नियम ठरवायला झालेला उशीर वापरणाऱ्यांच्या फाइलींत असा वर्षानुवर्षे राहतो.

हाच पेच इतर ठिकाणीही आढळतो. आर्च लिनक्समध्ये पॅकेजचे वर्णन बॅश स्क्रिप्टमध्ये लिहितात, पण वेबसाइटने कोणाचीही स्क्रिप्ट चालवणे धोक्याचे असल्यामुळे वापरकर्त्यांच्या पॅकेजसंग्रहासाठी त्याच माहितीची एक साधी, केवळ वाचण्याजोगी प्रत वेगळी तयार करून जोडावी लागते. आरपीएम या लिनक्सवरच्या पॅकेज-पद्धतीच्या स्पेक फाइलमध्ये मॅक्रो, म्हणजे एका नावाच्या जागी मोठा मजकूर घालणारे संक्षेप, असतात, आणि कॉमेंट म्हणून बंद केलेल्या ओळीतला मॅक्रोसुद्धा विस्तारला जातो. अनेक ओळींचा मॅक्रो असेल तर त्याची पहिली ओळ कॉमेंटमध्ये राहते आणि उरलेल्या ओळी लागू होतात. अनुभवी माणसेही यात फसतात, कारण कॉमेंट वाचली जात नाही असे डोळ्यांनी गृहीत धरलेले असते.

तुम्ही म्हणाल की आमच्याकडे खरोखरच अटी आहेत: काही यंत्रांवर 32 बिटचे विंडोज आहे, काहींवर 64 बिटचे, आणि नव्या यंत्रांवर लिनक्स. त्यावर उपाय आहे, मात्र तो प्रोग्रॅमचा नाही. अटींची एक लहान, बंद शब्दसूची ठरवा: ऑपरेटिंग सिस्टिम, प्रोसेसरचा प्रकार, आणि फार तर यंत्राचे मॉडेल. प्रत्येक डिपेंडन्सीच्या पुढे या तिघांपैकी कशाशी तरी तुलना लिहिता यावी, ‘आणि’, ‘किंवा’ यांनी ती जोडता यावी, याहून जास्त काही नको. पायथनमधील पेप 508 च्या अटी आणि रस्ट भाषेच्या कार्गो या टूलमधील लक्ष्य-यंत्रानुसार लिहायच्या डिपेंडन्सी याच जातीच्या आहेत. अशा अटीचा मोठा गुण हा की बडोद्यातल्या कचेरीत बसून, लिनक्सच्या संगणकावर, तुम्ही ‘32 बिट विंडोजवर काय बसेल’ हे मोजून पाहू शकता. स्क्रिप्ट असती तर ते कळण्यासाठी 32 बिट विंडोजच लागले असते.

आणि तरीही एखादे मूल्य बिल्डच्या वेळीच कळते, उदाहरणार्थ कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटमधल्या टॅगवरून निघणारे व्हर्जन. त्यासाठी पेप 621 ने जी रीत घेतली ती मला अतिशय योग्य वाटते: जे फील्ड मागाहून भरले जाणार आहे त्याचे नाव फाइलमध्ये एका वेगळ्या यादीत आधीच जाहीर करावे लागते. वाचणाऱ्याला ‘व्हर्जन लिहायचे राहिले आहे’ आणि ‘व्हर्जन नंतर येणार आहे’ यांतला फरक कळतो, आणि बाकीची फील्डे स्थिर आहेत याची त्याला हमी मिळते.

आता फॉरमॅटकडे वळतो. जेसन यंत्रांसाठी उत्तम आहे, पण त्यात कॉमेंट लिहिता येत नाही, आणि पॅकेजच्या फाइलमध्ये ‘हा ड्रायव्हर 2.4 च्या वर नेऊ नका, जुन्या कार्डावर चालत नाही’ ही कॉमेंट कधीकधी बाकी सर्व मजकुरापेक्षा मोलाची असते. एका ओळीनंतरचा स्वल्पविराम चुकला तर सगळी फाइल अडते, तेही हाताने लिहिणाऱ्याला जाचक आहे. आयएनआय या जुन्या फॉरमॅटला एकच असे प्रमाण नाही. प्रत्येक पार्सरची (फाइल वाचून तिचा अर्थ लावणाऱ्या प्रोग्रॅमची) बोली निराळी. ही दोन्ही बाजूला ठेवा.

यॅमलबद्दल मात्र थांबून सांगितले पाहिजे, कारण तुमच्या टीमचा कल तिकडे आहे असे तुमच्या लिहिण्यावरून दिसते. यॅमल दिसायला निर्मळ आहे, पण अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेल्या शब्दाचा प्रकार ते स्वतःच ठरवते. यॅमल 1.1 च्या नियमांत इंग्रजी ‘नो’ हा शब्द ‘असत्य’ ठरतो, म्हणून देशांच्या दोन अक्षरी संकेतांच्या यादीत नॉर्वे (संकेत NO) नाहीसा होतो. 22:22 असे लिहिले तर ती साठाच्या पटीतली संख्या समजून 1342 होते. 2009 च्या यॅमल 1.2 ने हे नियम बदलले, पण पायथनमध्ये सर्रास वापरला जाणारा पार्सर आजही 1.1 चे नियम पाळतो, त्यामुळे एकच फाइल दोन भाषांतल्या पार्सरांना वेगळी दिसू शकते. व्हर्जनचा घोटाळा तर दोन्ही नियमांत सारखाच आहे: 3.10 ही दशांश संख्या म्हणून वाचली जाते आणि 3.1 उरते. 2021 च्या ऑक्टोबरात पायथन 3.10 आले तेव्हा असंख्य लोकांच्या चाचण्या याच कारणाने 3.1 शोधू लागल्या.

ही चूक मी स्वतः केली आहे. आमच्या पहिल्या टूलची फाइल यॅमलमध्ये होती, आणि एका सहकाऱ्याने मोजमाप-कार्डाच्या ड्रायव्हरचे व्हर्जन अवतरणचिन्हांशिवाय 1.10 लिहिले. पेन ड्राइव्हवर 1.1 आणि 1.10 हे दोन्ही ड्रायव्हर होते, टूलने 1.1 उचलला आणि एका कारखान्यातल्या चाचणीयंत्रावर तो जुना ड्रायव्हर बसला. नोंदी बंद पडल्या. कारण सापडायला दोन दिवस लागले, कारण फाइल उघडून पाहणाऱ्या प्रत्येकाला तिथे 1.10 च दिसत होते. डोळ्याला एक दिसते आणि टूलला दुसरे, अशी स्थिती निर्माण करू शकणारा फॉरमॅट यंत्रावर काही बसवणाऱ्या फाइलसाठी वापरू नये, हे माझे तेव्हापासूनचे ठाम मत आहे. दोष लिहिणाऱ्याचा नव्हता. तसे लिहू देणारा फॉरमॅट आम्ही निवडला होता.

तुमच्या पॅकेजमध्ये फाइलींच्या परवानग्याही असतील, म्हणून आणखी एक उदाहरण. लिनक्सवर आपण 0755 लिहितो. यॅमल 1.1 त्याला अष्टमान संख्या समजून 493 देते, आणि अष्टमानातल्या 0755 चे दशमान मूल्य तेच असल्यामुळे ते बरोबर आहे; पण यॅमल 1.2 तेच 755 असे दशमान वाचते, आणि परवानगी बिघडते. टॉमलमध्ये शून्याने सुरू होणारी अशी संख्या लिहिताच येत नाही, पार्सर तिथेच एरर देतो. अष्टमानच हवे असेल तर त्याची वेगळी, उघड खूण आहे. मी तरी परवानगी स्ट्रिंग (साधा मजकूर) म्हणून घेतो आणि तिचा अर्थ टूलमध्ये लावतो.

टॉमल 2013 मध्ये आले आणि त्याचे 1.0 व्हर्जन 2021 च्या जानेवारीत ठरले. त्यात स्ट्रिंगला अवतरणचिन्हे लागतातच, कॉमेंट लिहिता येते, आणि एकच फील्ड दोनदा लिहिले तर ती चूक धरली जाते, तर जेसनचे बहुतेक पार्सर अशा वेळी गुपचूप शेवटचे मूल्य घेतात. पायथन 3.11 पासून टॉमल वाचणारे मोड्यूल भाषेबरोबरच येते, ही इंटरनेट नसलेल्या यंत्रांसाठी लहान बाब नाही. त्याचे दोषही सांगतो. एकात एक अशी खोल रचना टॉमलमध्ये वाचवत नाही. तिसऱ्या पातळीवर गेलात की दुहेरी चौकटी कंसांत कोणते कोणाच्या पोटात आहे ते कळेनासे होते. याचा अर्थ मी असा लावतो की फाइलची रचना दोन पातळ्यांच्या आत राहील अशी विषयाचीच मांडणी करावी. टॉमलमध्ये ‘शून्य मूल्य’ नावाची गोष्ट नाही. फील्ड असते किंवा नसते. हेही पथ्यकरच आहे, कारण ‘नाही’, ‘रिकामे’ आणि ‘शून्य मूल्य’ या तिघांचे तीन अर्थ लावण्याचा मोह टळतो.

विंडोजवरचे पाथ हा टॉमलमधला एक खरा खड्डा आहे. दुहेरी अवतरणचिन्हांतल्या स्ट्रिंगमध्ये उलट्या तिरक्या रेघेला विशेष अर्थ असतो. तिच्यापुढे इंग्रजी ‘एन’ आला की तिथे नवी ओळ तयार होते, आणि फोल्डरचे नाव ‘न्यू’ असेल तर पाथ मधोमध तुटतो. नियम करा की फाइलमधला प्रत्येक पाथ पॅकेजच्या मूळ फोल्डरपासून मोजलेला आणि सरळ तिरक्या रेघेने लिहिलेला असेल. विंडोजसाठी लागणारा बदल टूल करील. उलटी रेघ दिसली तर एरर द्या, दुरुस्त करून घेऊ नका.

स्वतःचा फॉरमॅट आखण्याचा विचार गो भाषेच्या मंडळींनी केला आणि तो यशस्वीही झाला. 2018 मध्ये आलेली त्यांची गो.मॉड फाइल ओळीओळीने वाचता येते आणि फार सुटसुटीत आहे. पण त्यांनी तिच्यासोबत पार्सर, मांडणी एकसारखी करणारे साधन, आणि कॉमेंट न गमावता फाइल बदलणारा आदेश, एवढे सगळे दिले आणि ते सांभाळले. सात जणांच्या टीमने हा भार घेऊ नये. दुसऱ्या वाचकाला तुमचा पार्सर मिळणार नाही, टॉमलचा मात्र कोणत्याही भाषेत मिळेल.

येथे आपल्या लिपीबद्दल थोडे, कारण तुमच्या टीममध्ये मराठी आणि गुजराती दोन्ही नावे असणार आणि लेखकाच्या फील्डात लोक ती आपापल्या लिपीत लिहितील, आणि लिहावीतच. फाइल यूटीएफ-8 या अक्षरसंकेतनातच असेल असे निःसंदिग्ध लिहून ठेवा, आणि जुन्या विंडोजवरचे नोटपॅड यूटीएफ-8 फाइलच्या सुरुवातीला जी अदृश्य खूण घालते ती टूलने सोडून द्यावी, अन्यथा पहिलेच फील्ड अनोळखी ठरेल. त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी की ‘कऱ्हाडे’ हे आडनाव युनिकोडमध्ये एकापेक्षा जास्त प्रकारे टाइप होते: कोणी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतो, कोणी साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे शून्य रुंदीचे जोडचिन्ह टाकतो. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, पण युनिकोडच्या प्रमाणित सामान्यीकरणानेही ती एक होत नाहीत. म्हणून माणसाचे नाव केवळ दाखवण्यासाठी ठेवा, त्यावरून शोध किंवा तुलना करू नका. पॅकेजचे नाव हे ओळखीचे साधन असल्यामुळे ते लहान इंग्रजी अक्षरे, आकडे आणि मधली आडवी रेघ यांपुरतेच मर्यादित ठेवा. आडवी रेघ, खालची रेघ आणि टिंब यांना पायथनच्या संग्रहात एकच मानावे लागते, कारण तिन्ही सुरुवातीपासून चालू दिली गेली. तुम्ही एकच द्या.

आकड्यांचेही तसेच. पायथनमध्ये अंक शोधणारी सर्वसाधारण खूण देवनागरी अंकांनाही अंकच मानते, आणि ‘३१’ ही स्ट्रिंग संख्येत रूपांतरित केली तर निमूटपणे 31 मिळतात. व्हर्जन तपासताना 0 ते 9 हे दहा अंक नावानिशी लिहून तपासा, नाहीतर ‘३.१’ आणि ‘3.1’ ही दोन व्हर्जने तुमच्या संग्रहात एकाच वेळी नांदतील. आणि व्हर्जनांचा क्रम स्ट्रिंगप्रमाणे कधीही लावू नका, कारण तसे केल्यास 3.9 हे 3.10 च्या नंतर येते.

आता अनोळखी फील्डाचा मुद्दा. फील्डाचे नाव चुकीचे टाइप झाले आणि टूलने ते सोडून दिले, तर लिहिणाऱ्याला वाटते की सूचना लागू आहे, आणि ती लागू नसते. म्हणून एरर द्या, आणि जवळचे बरोबर नाव सुचवा. याचे दुसरे कारण भविष्यातले आहे: आज जे तुम्ही खपवून घ्याल ते उद्या काढून घेता येणार नाही. पायथनच्या सेटअपटूल्स या बिल्ड-टूलच्या सेटअप.सीएफजी फाइलमध्ये काही फील्डांची नावे खालच्या रेघेऐवजी आडव्या रेघेने लिहिलेली चालत असत. 2021 पासून त्यावर वॉर्निंग येत होती; 2025 च्या मार्चमध्ये ती सवलत काढली तेव्हा इतकी पॅकेजे बसेनाशी झाली की ती लगोलग परत द्यावी लागली. वॉर्निंग कोणी वाचत नाही, कारण ती ज्याच्या पडद्यावर येते तो बहुधा फाइलचा लेखक नसतोच. हा पुन्हा दुसऱ्या वाचकाचाच प्रश्न आहे.

पण कडकपणा कोणाच्या फाइलबाबत, हेही ठरवावे लागते. गोने येथे बारकाईने विचार केला आहे: ज्या प्रकल्पावर तुम्ही काम करत आहात त्याच्या फाइलमध्ये अनोळखी आदेश असेल तर टूल थांबते, पण डिपेंडन्सी म्हणून आलेल्या दुसऱ्या मोड्यूलच्या फाइलमध्ये तसा आदेश दिसला तर तो सोडून दिला जातो, कारण नव्या टूलसाठी लिहिलेले मोड्यूल जुन्या टूलनेही वापरावे लागते. तुमच्याकडे सगळी पॅकेजे घरचीच असल्यामुळे सध्या दोन्हीकडे कडक राहा. बाहेरच्या कोणाची पॅकेजे येऊ लागतील त्या दिवशी हा भेद करा.

तुमच्या लोकांना स्वतःच्या नोंदी फाइलमध्ये ठेवायच्या असतील, जसे कारखान्याचा ऑर्डर क्रमांक, तर त्यासाठी एक कोपरा राखून ठेवा, ज्याकडे टूल कधीच पाहणार नाही. कार्गोने असा भाग ठेवला आहे, आणि पायप्रोजेक्ट.टॉमलमध्ये प्रत्येक टूलला आपल्या नावाचा वेगळा भाग मिळतो. जावास्क्रिप्टच्या एनपीएम या पॅकेज-टूलच्या पॅकेज.जेसनमध्ये अशी कुंपणे सुरुवातीपासून नसल्यामुळे कितीतरी टूलांनी थेट वरच्याच पातळीवर आपापली फील्डे मांडली.

फॉरमॅटच्या क्रमांकाबद्दल दोन गोष्टी सांगतो. पहिली, तो क्रमांक टूलच्या व्हर्जनपासून वेगळा ठेवा. टूल दर महिन्याला बदलेल, फॉरमॅट तीन वर्षांत एकदा बदलावा. डेबियन लिनक्समध्ये पॅकेजने डेबहेल्पर या बांधणीच्या साधनाच्या कोणत्या पातळीचे वागणे हवे आहे ते स्वतःच लिहायचे असते, आणि नवे डेबहेल्पर आले तरी जुन्या पातळीचे पॅकेज बऱ्याच काळापर्यंत पूर्वीसारखेच बांधले जाते. रस्टमधील एडिशन, म्हणजे भाषेच्या नियमांची आवृत्ती, हेही तसेच आहे. ते लिहिले नाही तर 2015 मानले जाते, कारण एडिशनची कल्पना येण्याआधीच्या फाइलींत ते फील्ड असणे शक्य नव्हते. दुसरी गोष्ट त्यातूनच निघते: तुम्ही कोऱ्या पाटीवर सुरुवात करत आहात, म्हणून हे फील्ड पहिल्या दिवसापासून सक्तीचे करा. ते नसेल तर टूलने अंदाज बांधू नये. आणि जुन्या टूलला नवा क्रमांक दिसला तर ‘ही फाइल फॉरमॅट 2 ची आहे, मला 1 पर्यंतचेच कळते’ असे त्याने स्पष्ट सांगावे. कारखान्यातल्या यंत्रावर टूलचे जुने व्हर्जन वर्षानुवर्षे राहणार आहे, आणि तिथे गेलेल्या तुमच्या माणसाला हे एक वाक्य अर्धा दिवस वाचवील.

फाइल आहे किंवा नाही यावरून मात्र टूलचे वागणे बदलू नका. पायप्रोजेक्ट.टॉमलचे तसे झाले होते. 2018 पासून ब्लॅकसारख्या कोडची मांडणी करणाऱ्या टूलांची सेटिंग त्या फाइलमध्ये ठेवता येऊ लागली, म्हणून लोकांनी केवळ तेवढ्यासाठी ती फाइल आपल्या प्रकल्पात घातली. आणि 2019 च्या जानेवारीत आलेल्या, पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या पिप 19.0 ने ती फाइल दिसताच बिल्डची नवी पद्धत लागू केली, त्यामुळे सेटअप.पायमधून आपलेच मोड्यूल आयात करणारे प्रकल्प अडले. ज्यांनी बिल्डबद्दल त्या फाइलमध्ये एक अक्षरही लिहिले नव्हते त्यांचे बिल्ड तिच्या केवळ असण्याने बदलले होते.

माणसाने लिहायची फाइल आणि टूलने तयार करायची फाइल या दोन वेगळ्या ठेवा, यात तडजोड करू नका. पहिलीत ‘ड्रायव्हर 2.3 किंवा वरचा, पण 3 च्या खालचा’ असा हेतू असतो. दुसरीत, म्हणजे लॉक फाइलमध्ये, नेमके कोणते व्हर्जन निवडले आणि त्या फाइलची 64 अक्षरी शा-256 बेरीज (फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) काय, हे असते. तुमच्या कामात लॉक फाइलच पेन ड्राइव्हवर जाते, आणि यंत्रावर काही बसवण्याआधी टूलने प्रत्येक फाइलची बेरीज तिच्याशी ताडून पाहावी. अर्धवट कॉपी झालेले पेन ड्राइव्ह मी पुष्कळ पाहिले आहेत. लॉक फाइलमध्ये पॅकेजांचा क्रम अक्षरानुसार ठेवा आणि प्रत्येक पॅकेजची बेरीज त्याच्याच नोंदीत लिहा. कार्गोने पूर्वी सगळ्या बेरजा फाइलच्या शेवटी एकत्र ठेवल्या होत्या, आणि दोघांनी दोन वेगळ्या डिपेंडन्सी बदलल्या तरी तिथे मर्ज कॉन्फ्लिक्ट (दोघांचे बदल एकत्र करताना होणारा संघर्ष) होई. त्या नोंदींत हलवल्यावर तो त्रास कमी झाला.

दोन भूमिका एका फाइलवर लादल्या की काय होते ते जावाच्या मेव्हन या बिल्ड-टूलमध्ये दिसते. त्याची पॉम फाइल बिल्डसाठीही वापरतात आणि पॅकेजबरोबर प्रसिद्धही होते. मेव्हन 2 बरोबर 2005 मध्ये आलेला 4.0.0 हा तिचा नमुना दीर्घकाळ हलवता आला नाही, कारण त्यात काही वाढवले तर ती प्रसिद्ध फाइल वाचणारी बाहेरची सगळी टूले अडली असती. मेव्हन 4 च्या आखणीत शेवटी बिल्डची पॉम आणि वापरणाऱ्यासाठीची पॉम या दोन वेगळ्या केल्या आहेत.

टूलने माणसाच्या फाइलला हात लावायचा झाला, उदाहरणार्थ नवी डिपेंडन्सी जोडण्याचा आदेश, तर कॉमेंट, रिकाम्या ओळी आणि क्रम जसाच्या तसा राहिला पाहिजे. पायथनचे अंगभूत मोड्यूल टॉमल फक्त वाचते, लिहीत नाही. त्यासाठी टॉमलकिट ही लायब्ररी वापरा.

एरर देताना फाइलचे नाव, ओळ, लिहिलेले मूल्य आणि अपेक्षित मूल्य या चारही गोष्टी सांगा. शक्य असेल तर पहिल्या चुकीवर न थांबता फाइलमधल्या सगळ्या चुका एकदम दाखवा. कारखान्यात उभा असलेला माणूस प्रत्येक दुरुस्तीनंतर तुम्हाला फोन करू शकत नाही.

सुरुवात कशी करावी, एवढेच आता राहिले. टूलची एकही ओळ लिहिण्याआधी तुमच्या जुन्या स्क्रिप्टांपैकी सर्वांत गुंतागुंतीच्या तीन निवडा आणि त्यांच्यासाठी नव्या फॉरमॅटमधल्या फाइली हाताने लिहा. त्या छापून तुमच्यातल्या जो माणूस प्रत्यक्ष कारखान्यात बसवायला जातो त्याच्या हाती द्या, आणि ‘32 बिटच्या यंत्रावर कोणता ड्रायव्हर बसेल’ असे तीन-चार प्रश्न विचारा. त्याचे उत्तर चुकले तर फाइल बदला, त्याला समजावू नका. मग जुन्या स्क्रिप्टा प्रत्येक प्रकारच्या यंत्रावर चालवून त्यांनी नेमक्या कोणत्या फाइली कुठे ठेवल्या याची यादी काढून घ्या. नव्या टूलची यादी तिच्याशी ओळीओळीने जुळेपर्यंत जुन्या स्क्रिप्टा पेन ड्राइव्हवरून काढू नका.